कुणाकडे शिकावे?

'शिफारस' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथे त्याचे नाव फारसे चांगले राहिले नाही. आयोगाच्या शिफारशी असतात, नोकरीसाठी शिफारसपत्र असते, आणि एखाद्याविषयी 'शिफारशीने लागलाय' असे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. 'वशिला' शेजारीच उभा असतो. हिंदीतल्या 'सिफ़ारिश'चीही तीच गत आहे. ह्या सगळ्या वापरांत शिफारस वरून खाली येते. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो, ज्याच्या शब्दाला वजन नाही त्याच्यासाठी ती करतो.

विद्यापीठात मात्र दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत उलट्या दिशेची एक शिफारस फिरत असते. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगतो: त्यांचा तास चुकवू नकोस. तो पेपर अवघड आहे, पण घे. ह्यांच्या नोट्स चांगल्या आहेत, त्यांच्याकडे नोट्स मिळणार नाहीत, पण वर्गात बस. सांगणाऱ्याला पद नसते, ऐकणारा ते लिहून घेत नाही, आणि ज्याच्याविषयी हे बोलणे चालले आहे त्या शिक्षकाला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी लिहिलेले पत्र फाइलीत जाते. विद्यार्थ्याने शिक्षकासाठी बोललेला शब्द हवेत जातो.

दोन्ही दिशांचा पुरावा एकाच माणसाच्या बाबतीत शिल्लक राहावा असे क्वचित घडते. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी त्यांची ओळख करून देणारे पत्र लंडनला प्राध्यापक फॉक्सवेल यांना लिहिले, आणि आंबेडकरांच्या लंडनमधल्या शिक्षणाच्या हकिगतीत ते आजही सांगितले जाते. उलट दिशेचा शब्दही टिकला. १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात आंबेडकरांनी लिहिले की आयुष्यात लाभलेले आपले उत्तम मित्र म्हणजे तिथले काही वर्गसोबती आणि तिथले थोर प्राध्यापक. मग त्यांनी जॉन ड्युई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिग्मन आणि जेम्स हार्वी रॉबिन्सन अशी चार नावे घेतली. आंबेडकरांच्या विचारावर ड्युईचा ठसा शोधणाऱ्या अभ्यासकांना हे एक वाक्य किती उपयोगी पडले आहे, ते त्या विषयावरची पुस्तके चाळली तरी दिसते. पुढे मोठा झालेला विद्यार्थी होता म्हणून ते छापले गेले आणि जपले गेले. बाकीच्यांचे काय?

हा प्रश्न मी जयपूरपुरता विचारते आहे. गेल्या साठ वर्षांतले इथले काही वर्ग भारतीय विचाराच्या इतिहासात महत्त्वाचे आहेत, आणि त्या वर्गांचा इतिहास लिहायचा तर विद्यापीठाच्या कागदांत तो सापडत नाही.

जयपुरात विद्वान आणून बसवायची चाल शहराइतकीच जुनी आहे. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये शहर वसवले, आणि पंडितांसाठी ब्रह्मपुरी ही वस्ती होती. जगन्नाथ सम्राट हे त्याच्या दरबारातले मोठे ज्योतिषी परंपरेनुसार मराठी मुलखातून आले होते. त्यांनी अरबीवरून टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणि युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. भूमितीच्या त्या अनुवादाचे नाव 'रेखागणित'. ते आता इतके आपले झाले आहे की तो एका अनुवादकाने केलेला शब्दप्रयोग आहे हे लक्षातही येत नाही. रत्नाकर पौंडरीक हेही महाराष्ट्रीय होते आणि त्यांच्या घराण्याची हवेली ब्रह्मपुरीत अजून उभी आहे. पण बोलावल्यावर सगळेच येत नसत. जयसिंहाने अश्वमेधासाठी काशीच्या नागोजी भट्टांना निमंत्रण पाठवले, तेव्हा क्षेत्रसंन्यास घेतला असल्यामुळे काशी सोडता येत नाही असे त्यांनी कळवले, अशी आख्यायिका पंडितमंडळींत प्रसिद्ध आहे. नागोजी भट्टही मूळचे मराठी, आडनाव काळे.

ही आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात दोन वाटा दिसतात. एक राजाच्या निमंत्रणाची. दुसरीत गुरू जागचा हलत नाही, शिष्य त्याच्यापर्यंत जातात आणि परत येऊन इतरांना सांगतात. नागोजी भट्टांचे व्याकरण पुण्या-साताऱ्याला पोचले ते ह्या दुसऱ्या वाटेने. नीलकंठशास्त्री थत्ते, त्यांचे शिष्य भास्करशास्त्री अभ्यंकर, आणि पुढे भास्करशास्त्र्यांचे नातू वासुदेवशास्त्री अभ्यंकर ही नावे आपल्याकडे ज्या क्रमाने घेतली जातात तो क्रम म्हणजे शिफारशींचीच साखळी आहे. कोण कुणाकडे शिकला, हे सांगता येणे हीच तिथली पदवी.

आता विसाव्या शतकात येऊ. जयपूरचे महाराजा कॉलेज १८४४ पासून आहे. विद्यापीठ ८ जानेवारी १९४७ रोजी राजपुताना विद्यापीठ म्हणून स्थापन झाले, आणि १९५६ मध्ये ते राजस्थान विद्यापीठ झाले. १९६० ते १९६६ ह्या काळात मोहनसिंह मेहता कुलगुरू होते. उदयपूरच्या विद्या भवनाचे हे संस्थापक मुत्सद्दी म्हणून परदेशांत राहून आले होते. त्यांच्या कारकिर्दीत बाहेरून नामवंत शिक्षक जयपुरात आले. १९६२ मध्ये गोरखपूरहून गोविंदचंद्र पांडे आले, आणि त्याच दशकात सागरहून दयाकृष्ण. मुकुंद लाठ १९७३ मध्ये आले आणि १९९७ पर्यंत शिकवत राहिले. ह्या तिघांची नियुक्तीपत्रे, पदे, निवृत्तीच्या तारखा कागदावर आहेत. वर्गात काय होत होते ते कागदावर नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तेव्हाच्या वार्षिक परीक्षेच्या पद्धतीत विद्यार्थ्याला निवड अशी फारशी नसे. अभ्यासमंडळ पेपर ठरवी, पेपराला पुस्तके नेमलेली असत, वर्षाअखेर विद्यापीठ परीक्षा घेई. ऐच्छिक पेपर एखाददुसरा. अमुक 'कोर्स' घे असे सांगायला वावच कमी होता. म्हणून शिफारस व्हायची ती माणसाची: पेपर तोच आहे, पण तो कोण शिकवतो ते बघ. आणि कधी कधी, आपला विषय नसला तरी जाऊन बस. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही हीच रीत होती. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातले नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत वारंवार अडकले होते. पुढे ते त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांचे मोठेपण पदवीच्या कागदाने आधी ओळखले नाही. ऐकणाऱ्यांनी ओळखले आणि गावोगाव सांगितले.

गोविंदचंद्र पांडे यांच्या विभागाचे नावच 'इतिहास व भारतीय संस्कृती' असे होते. बौद्ध धर्माच्या उगमाविषयीच्या त्यांच्या १९५७ च्या इंग्रजी ग्रंथाने त्यांचे नाव आधीच झाले होते. ते हिंदीत आणि संस्कृतातही लिहीत, आणि पुढे 'भागीरथी' ह्या संस्कृत कवितासंग्रहासाठी त्यांना सरस्वती सन्मान मिळाला. इतिहास म्हणजे राजवटींचा क्रम नव्हे, माणसांनी काय मोलाचे मानले त्याचा तो वृत्तांत, ही त्यांची भूमिका त्यांच्या लेखनात सतत येते. त्या भूमिकेचा व्यावहारिक परिणाम असा, की त्यांच्या विभागात मुकुंद लाठ यांच्यासारखा माणूस शिकवू शकला. लाठ यांच्याकडे एम.ए.ची पदवी संस्कृतची होती. पीएच.डी. 'दत्तिलम्' ह्या प्राचीन संगीतग्रंथावर होती. गाण्याची तालीम त्यांनी मेवाती घराण्याच्या पं. मणिराम आणि पं. जसराज यांच्याकडे घेतली होती. आजच्या निवडसमितीसमोर असा उमेदवार इतिहासाच्या जागेसाठी उभा राहिला तर 'संबंधित विषय' ह्या रकान्यापाशीच अडेल. त्या काळी तो वर्गात पोचला. गायक माणूस इतिहास शिकवतो, ह्या एका वाक्याहून चांगली शिफारस कोणती असणार?

दयाकृष्ण तत्त्वज्ञान विभागात होते. त्यांच्याविषयी लिहिणारे एक गोष्ट हमखास सांगतात, ती म्हणजे ते प्रश्न विचारत. सौजन्याचे नव्हे, समोरच्याची बैठक हलवणारे. १९६० च्या दशकात त्यांनी भारतीय तत्त्वज्ञानाविषयीच्या तीन मिथकांवर लेख लिहिला. भारतीय तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म, ते वेदप्रामाण्यावर उभे आहे आणि ते ठरावीक दर्शनांत विभागलेले आहे, ही तिन्ही गृहीते त्यांनी नाकारली. म्हणजे ज्या चौकटीत अभ्यासक्रमाचे पेपर बांधलेले होते, तीच चौकट त्यांनी प्रश्नात घातली. भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेच्या नियतकालिकाचे संपादक म्हणून त्यांनी देशभरच्या अभ्यासकांना आणि पंडितांना प्रश्न पाठवून उत्तरे छापली. न्यायदर्शन वास्तववादी आहे की नाही, अशा एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद चालला आणि पुस्तक झाले. अशा शिक्षकाची शिफारस 'छान समजावून सांगतात' ह्या शब्दांत होऊच शकत नाही. ती अशीच होते: जा, पण जे ठाम वाटते ते घेऊन जा, परत येताना ते तसेच राहणार नाही.

हा वर्ग विद्यापीठाच्या भिंतींबाहेरही भरला, आणि त्यातला सगळ्यात धाडसी तास पुण्यात झाला. मराठी वाचकांनी तो विसरू नये. १९८३ साली दयाकृष्ण आणि मे. पुं. रेगे यांनी पुण्यात पारंपरिक पंडित आणि विद्यापीठांत शिकलेले तत्त्वज्ञ यांना एकत्र बसवले. रेगे म्हणजे 'नवभारत'चे संपादक आणि पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक. चर्चेला रसेलचा विषय घेतला होता: 'प्रपोझिशन' म्हणजे काय. तो संस्कृतात, न्यायशास्त्राच्या परिभाषेत मांडून पंडितांपुढे ठेवला गेला आणि त्यांनी त्यावर संस्कृतात वाद केला. 'संवाद' ह्या नावाने हा वृत्तांत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. संपादकांत दयाकृष्ण, रेगे, रा. चं. द्विवेदी आणि मुकुंद लाठ ही चार नावे आहेत. म्हणजे तीन जयपूरची आणि एक मराठी. अशा बैठका पुढे तिरुपती, सारनाथ आणि श्रीनगर इथेही झाल्या. सारनाथला काशीचे नैयायिक बदरीनाथ शुक्ल यांनी देहाहून वेगळा आत्मा न मानताही न्यायदर्शन उभे राहू शकते का, हा विचार खुद्द न्यायाच्या बाजूने मांडून दाखवला.

ह्या बैठकांत प्राध्यापक विद्यार्थी झाले होते. आयुष्यभर इंग्रजीतून शिकवलेल्या लोकांनी संस्कृतात शिकलेल्या लोकांकडे जाऊन विचारले: तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात? अनुवादाचे काम करणाऱ्याला हा प्रश्न रोजचा आहे. त्याची गंमत अशी की उत्तर देणाऱ्यालाही त्याची स्वतःची भाषा नव्याने दिसते. पंडितांनी रसेलला उत्तर दिले, तेव्हा न्यायाची परिभाषा पोथीतून बाहेर येऊन चालू विचाराच्या कामाला लागली. शिफारशीची दिशा इथे तिसरीच होती. प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना जणू सांगत होते की माझ्याकडे शिकलात, आता ह्यांच्याकडेही शिका, मीही शिकतो आहे.

आता मुकुंद लाठ यांच्या दोन कामांकडे वळू. शिफारशीचा इतिहास कसा लिहावा, ह्याची युक्ती मला त्यांतच सापडते.

पहिले काम 'अर्धकथानक'चा इंग्रजी अनुवाद, जयपूरहून १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला. बनारसीदास हा जैन व्यापारी १५८६ मध्ये जौनपूरला जन्मला आणि त्याने १६४१ मध्ये आग्र्यात आपली पंचावन्न वर्षांची हकिगत हिंदी पद्यात लिहिली. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे, म्हणून ही अर्धी कथा. व्यापारातले नफे-तोटे, आजार, प्रवास, मेलेली मुले ह्यांच्या जोडीला त्याने आपण कुणाकडे काय शिकलो तेही नोंदवले आहे. पंडित देवदत्तांकडे नाममाला, अनेकार्थकोश, ज्योतिष, अलंकार आणि थोडे कोकशास्त्रही. पोराने वडिलांना दाखवायची ही यादी नव्हे, हे शेवटच्या विषयावरून कळते.

पुढची नोंद त्याहून मोलाची आहे. १६२३ च्या सुमारास अरथमल ढोर नावाच्या माणसाने त्याला 'समयसार'वरची राजमल्लाची टीका दिली आणि वाच म्हणून सांगितले. बनारसीने ती एकट्याने वाचली, सांगणारे कुणी नव्हते. परिणाम असा झाला की सगळे आचार फोल आहेत एवढेच त्याला कळले आणि त्यांच्या जागी काय ठेवायचे ते कळले नाही. तो आणि त्याचे तीन मित्र बंद खोलीत नागवे होऊन आपण मुनी झालो म्हणत फेर धरत, हेही त्याने लपवलेले नाही. बारा वर्षे ह्या गोंधळात गेली. मग १६३५ च्या सुमारास पंडित रूपचंद आग्र्याला आले आणि 'गोम्मटसार' सांगू लागले. ते ऐकल्यावर बनारसीच्या ध्यानात आले की साधनेच्या प्रत्येक पायरीला तिचा तिचा आचार असतो. पुस्तकाची शिफारस आणि शिक्षकाची शिफारस ह्यांतला फरक ह्याहून नेमका कुणी सांगितलेला माझ्या वाचनात नाही. अरथमलचे पुस्तक वाईट नव्हते. ते कुणापाशी बसून वाचायचे, एवढेच त्याने सांगितले नव्हते.

दुसरे काम आपल्या नामदेवाचे आहे. नामदेवाच्या नावावरची हिंदी पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात एकसष्ट आहेत. त्याशिवाय राजस्थानातल्या, विशेषतः दादूपंथी हस्तलिखितांत ती मोठ्या संख्येने आहेत. दादू, कबीर, नामदेव, रैदास आणि हरदास ह्या पाचांच्या रचनांना तिथे 'पंचवाणी' म्हणतात. बेल्जियमचे विनांद कॅलेवार्ट आणि लाठ यांनी ह्या हस्तलिखितांवरून नामदेवाची हिंदी पदावली संपादित करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. पाठचिकित्सेची नेहमीची रीत अशी असते की नकलाकारांच्या चुका मिळवून हस्तलिखितांची वंशावळ काढायची आणि मूळ पाठाकडे जायचे. लाठ यांनी गायकाच्या अनुभवावरून तिला हरकत घेतली. ही पदे लिहिली जाण्याआधी गायली जात होती. गाणारा ओळ बदलतो तो चूक म्हणून नव्हे, गाण्याची गरज म्हणून. तेव्हा वंशावळ काढायची तर ती मौखिक हवी: कुणी कुणाकडून ऐकले, आणि गाताना काय बदलले.

पंढरपूरचे पद मारवाडात कसे गेले, ह्याचे उत्तर ह्या मौखिक वंशावळीतच आहे. कुणीतरी कुणालातरी सांगितले, हे ऐक. पुढे ते वहीत उतरले. ह्याच न्यायाने पाहिले तर विद्यार्थ्यांच्या तोंडी राहिलेली शिक्षकांची कीर्ती म्हणजे अफवा नव्हे, तो एक पाठ आहे. त्यात फेरफार होतात, अतिशयोक्ती शिरते, एका शिक्षकाचा किस्सा दुसऱ्याच्या नावावर जातो. पण किस्सा का टिकला, कुठे बदलला, कुठल्या भाषेत गेला हे तपासता येते. जयपूरच्या ह्या वर्गांत हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत अशा तिन्ही भाषा वावरत. त्यांच्या आठवणीही तिन्ही भाषांत विखुरल्या आहेत. एकाच तासाची इंग्रजी आठवण युक्तिवाद सांगते, आणि हिंदी आठवण आवाज आणि थट्टा सांगते. दोन्ही एका जागी ठेवल्याशिवाय तास उभा राहत नाही.

ह्या तोंडी व्यवहाराचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. हा शब्द सगळ्यांच्या कानावर पडत नसे. तो वसतिगृहाच्या खोलीत, चहाच्या टपरीवर, आधीच शिकलेल्या भावाच्या तोंडून फिरे. जिच्या घरातले कुणी कॉलेजात गेले नव्हते, जी तास संपला की बस पकडून गावी जाई, जिला टपरीवर उभे राहता येत नसे, तिच्यापर्यंत तो पोचायला वर्ष जाई, आणि तोवर पेपर निवडून झालेला असे. जयपुरात मुलींसाठी महाराणी कॉलेज १९४४ मध्ये निघाले, महाराजा कॉलेजच्या बरोबर शंभर वर्षांनी. शंभर वर्षांचा हा फरक नुसता इमारतींचा नाही. कुणाला विचारायचे हे माहीत असण्यातही तो आहे. दलित आणि आदिवासी घरांतून येणाऱ्या पहिल्या पिढीला तर विचारायला माणूसच नसे. आंबेडकरांनी कोलंबियात एकामागून एक अभ्यासक्रम घेत आपले शिक्षक स्वतः शोधले. मुंबईत त्यांना असे हिंडून शिकता आले असते का, ह्याचे उत्तर आपल्याला माहीत आहे. म्हणून ही शिफारस लिहून ठेवण्याला स्मरणरंजनापलीकडचे कारण आहे. लिहिलेले कुणालाही वाचता येते.

यावर कुणी म्हणेल, आता ती सोय झाली आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेने, म्हणजे नॅकने, २०१७ पासूनच्या सुधारित पद्धतीत विद्यार्थ्यांचे समाधान-सर्वेक्षण आणले आहे. शिक्षक तयारी करून येतात का, अभ्यासक्रम किती पूर्ण होतो, असे वीस प्रश्न आणि शेवटी सूचनांसाठी मोकळी जागा. असे सर्वेक्षण असावे, त्याने कामचुकारपणाला थोडा तरी आळा बसतो. पण त्याचा प्रवास पाहा. उत्तर विद्यार्थ्याकडून वर जाते, त्याचा आकडा होतो, आकड्याची श्रेणी होते, आणि श्रेणी फलकावर लागते. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थिनीला त्यातून काहीच कळत नाही. अभिप्राय कचेरीकडे जातो, शिफारस शेजाऱ्याकडे जाते. दोन्ही एकच आहेत असे समजण्यात धोका आहे.

विद्यार्थ्यावरून शिक्षकाचे मोल ठरवायची कल्पना जुनीच आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात गणदास आणि हरदत्त ह्या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद निघतो, आणि शिष्येचा प्रयोग पाहून निवाडा करावा असे ठरते. काहींची विद्या स्वतःपाशी शोभते, काहींची दुसऱ्याला देण्यात, आणि दोन्ही ज्याला साधते तो शिक्षकांत वरचा, अशा आशयाचे वचन तिथेच येते आणि शिक्षक-दिनाच्या भाषणांत ते हटकून ऐकू येते. भाषण करणारे एवढे सांगायचे विसरतात की तो सगळा मूल्यमापनाचा घाट विदूषकाने घातलेला असतो, कारण राजाला मालविका पाहायची असते. मूल्यमापन कुणाला हवे आहे आणि कशासाठी, हा प्रश्न कालिदासाने तेव्हाच विचारून ठेवला आहे.

आपल्याकडे ह्या कामासाठी आणखी एक साधन आहे, ते म्हणजे गौरवग्रंथ. पण गौरवग्रंथ निवृत्तीनंतर निघतो, अनेकदा त्याहूनही उशिरा. त्यात विद्यार्थी आता प्राध्यापक झालेले असतात, आणि ते सरांच्या पुस्तकांवर लिहितात, तासांवर नाही. दयाकृष्ण, पांडे आणि लाठ ह्या तिघांवर आणि त्यांच्या विचारांवर लिहिले गेले आहे, आणि त्यातले काही फार चांगले आहे. दयाकृष्णांच्या विचारावर तेल अवीवच्या डॅनियल रवेह यांचे २०२० चे पुस्तक आहे. ते वाचताना एका शिष्याने जगातल्या वाचकांना केलेली दीर्घ शिफारसच आपण वाचतो आहोत असे वाटते. पण वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या, पुढे बँकेत, शाळेत किंवा सचिवालयात गेलेल्या माणसांनी काय ऐकले होते? अभ्यासक न झालेल्या विद्यार्थ्यांवरच शिक्षकाची खरी परीक्षा होते. त्यांच्याकडे शिक्षकाचे जे उरते, ते पुस्तकातून आलेले नसते.

दयाकृष्ण २००७ मध्ये गेले, गोविंदचंद्र पांडे २०११ मध्ये, मुकुंद लाठ २०२० मध्ये. त्यांच्या पहिल्या वर्गांत बसलेले विद्यार्थी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. विद्यापीठाने पुढे सत्रपद्धती आणली, निवडीचे अभ्यासक्रम आले, प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक आला. आज विद्यार्थ्यापुढे निवड पूर्वीपेक्षा पुष्कळ आहे, आणि निवडीच्या यादीत शिक्षकाचे नाव बहुधा नसते. नाव सांगणारा लागतोच.

तो शब्द कसा असावा, ह्याचा नमुना बनारसीदासाने घालून दिला आहे. त्याने रूपचंदांना विशेषणे लावत बसून त्यांचे मोठेपण सिद्ध केले नाही. कोणत्या साली ते आग्र्याला आले, कुठे उतरले, कोणता ग्रंथ सांगू लागले, ऐकायला कोण जमत असे, आणि ऐकल्यावर आपल्यात काय बदलले, एवढे त्याने सांगितले. आपण आधी कसे चुकलो होतो तेही सांगितले. ते एवढे नेमके होते, म्हणून पावणेचारशे वर्षांनंतरही रूपचंदांकडे जाऊन बसावे असे वाटते. जयपूरच्या वर्गांत बसलेल्यांपैकी ज्यांना नामदेव आधी मराठीत भेटला आणि मग लाठ यांच्या पदावलीत, त्यांनी हे मराठीत लिहावे: साल, खोली, पुस्तक, त्या दिवशीचा प्रश्न, आणि आपण दिलेले उत्तर. उत्तर चुकले असेल तर तेही.